सगळे डावीकडूनच का येतात?

गेली एकोणतीस वर्षे मी पुण्यात, कोथरूडच्या डहाणूकर कॉलनीत दवाखाना चालवीत आहे. एरंडवण्यातील घर ते दवाखाना हे सुमारे चार किलोमीटरचे अंतर मी दिवसातून चार वेळा कापतो. या प्रवासात माझा रक्तदाब किती वाढतो, हे मी आजवर मोजलेले नाही. दिवसभर इतरांना पथ्य सांगणाऱ्या माणसाने काही गोष्टी न मोजलेल्याच बऱ्या.

नळ स्टॉपच्या सिग्नलला लाल दिव्याशेजारी आकडे उलटे उतरत असतात. बारा, अकरा, दहा. नऊचा आकडा उमटला की मागचा गृहस्थ हॉर्न वाजवतो. उरलेल्या नऊ सेकंदांत मी नेमके काय करावे अशी त्याची अपेक्षा असते, हे मला इतक्या वर्षांत समजलेले नाही. मी आरशातून पाहतो, तर त्याचा चेहरा अगदी प्रसन्न असतो. तो चिडलेला नसतो, घाईतही नसतो. आपण श्वास घेतो तसा तो हॉर्न वाजवतो. पुढे उलट्या दिशेने येणारे दुचाकीस्वार भेटतात, आणि त्यांच्या वाटेत आल्याबद्दल माझ्याकडे रागाने बघतात. उजवीकडचा दिवा लुकलुकवत डावीकडे वळणारे भेटतात. दवाखान्याच्या फाटकावर मी ‘येथे वाहने लावू नयेत, रुग्णांना त्रास होतो’ अशी मोठी पाटी लावली आहे. पाटी चांगली रुंद असल्यामुळे दुपारी तिची सावली पडते आणि त्या सावलीत दोन स्कूटर हमखास उभ्या असतात.

ह्या झाल्या किरकोळ तक्रारी. माझी खरी, जिव्हाळ्याने जपलेली तक्रार म्हणजे समोरून येणाऱ्याचा अप्पर. रात्री साडेनऊला दवाखाना बंद करून मी कर्वे रस्त्याला लागतो, तेव्हा समोरून येणारे प्रत्येक वाहन जणू माझी शस्त्रक्रिया करायला निघाले आहे अशा थाटात डोळ्यांत प्रकाश ओतते. डिपर देण्याची पद्धत लोक विसरले, गाड्यांना नको इतके पांढरे दिवे आले, कोणाला कोणाचे काही राहिले नाही, अशी व्याख्याने मी दोन वर्षे घरी, मित्रमंडळींत आणि एकदा एका लग्नाच्या पंगतीतही दिली. श्रोत्यांनी माना डोलावल्या. या तक्रारीकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

‘तक्रार’ हा मराठीतला मोठा गमतीचा शब्द आहे. शेजाऱ्याविरुद्ध करतात तीही तक्रार आणि डॉक्टरांना सांगतात तीही तक्रारच. रुग्ण समोर बसला की आम्ही विचारतो, “काय तक्रार आहे?” आणि आमच्या केसपेपरवरचा पहिला रकानाही त्याच नावाचा असतो. ज्येष्ठ रुग्ण मात्र त्या रकान्यात शरीराची तक्रार सांगायला सहसा सुरुवात करीत नाहीत. ते सोसायटीची सांगतात, गल्लीची सांगतात, रिक्षावाल्याची सांगतात. उमेदीच्या वर्षांत मी ते संपेपर्यंत घड्याळाकडे पाहत असे. आता पेन उघडून ऐकतो.

एक चौऱ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ भटक्या कुत्र्यांनी हैराण झाले होते. रात्रीतून चार वेळा कुत्री भुंकतात आणि झोप मोडते, म्हणून त्यांनी दोन अर्ज लिहिले होते. अर्जांच्या प्रतीही सोबत आणल्या होत्या. मी विचारले, “जाग आल्यावर काय करता?” ते म्हणाले, “करणार काय? जाग आलीच आहे तर लघवीला जाऊन येतो.” चारही वेळा? चारही वेळा. तपासण्या झाल्या, प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली निघाली, औषध सुरू झाले. महिनाभराने ते म्हणाले की हल्ली कुत्री रात्रीतून एकदाच भुंकतात. कुत्री तीच होती, गल्लीही तीच होती.

दुसऱ्या एका आजी रोज दुपारी साडेबाराच्या सुमारास सोसायटीच्या वॉचमनशी भांडत. कधी फाटक उघडे राहिले म्हणून, कधी बंद राहिले म्हणून. सून संकोचाने म्हणाली, “सकाळी अगदी शांत असतात हो, आणि जेवल्यावर पुन्हा शांत होतात.” या एका वाक्याने निदानाचे अर्धे काम केले. आजींना मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड चालू होते. नातीची शाळा बदलल्यापासून घरातले जेवण बारावरून दीडवर गेले होते, गोळीची वेळ मात्र सकाळचीच राहिली होती. मी त्यांना साडेबाराला, भांडण ऐन रंगात असताना, घरीच साखर तपासायला सांगितली. ती ५८ निघाली. रक्तातील साखर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड ही लक्षणे दिसतात असे आपण वाचलेले असते. पण वृद्धांमध्ये ही लक्षणे पुष्कळदा पुसट असतात आणि चिडचिड व गोंधळलेपणच आधी दिसतो. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल व नीट गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी, नंतर काहीतरी खायला द्यावे, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावे. आजींची गोळी बदलली. वॉचमनने मला दिवाळीत फराळ आणून दिला.

आणि “सगळे पुटपुटतात, आणि पुन्हा बोला म्हटलं की अंगावर ओरडतात” ही तर घरोघरची तक्रार आहे. वयोमानाने कान कमी होतात तेव्हा हळू आवाज ऐकू येत नाही हे सर्वांना ठाऊक असते. पण अशा कानाला थोडा मोठा आवाज मात्र एकदम असह्य वाटू शकतो, हे घरच्यांना ठाऊक नसते. न ऐकू येणे आणि ओरडल्यासारखे वाटणे यांमधली पायरी अरुंद होत जाते. तेव्हा आजोबा खोटे बोलत नसतात. आपणही पुटपुटलेलो नसतो. समोर बसून, चेहरा दाखवून, सावकाश बोलावे आणि कानांची तपासणी करून घ्यावी.

येथे आपणापैकी काही वाचक मनात म्हणतील की हे डॉक्टर गल्लीतला प्रत्येक दोष आमच्याच अंगाला चिकटवीत आहेत. तसे नाही. कित्येक तक्रारी शंभर टक्के खऱ्या असतात, आणि तेव्हा इलाज रस्त्यावर व्हायला हवा असतो.

शहात्तर वर्षांच्या एक बाई रिक्षातून नातेवाइकांकडे निघाल्या होत्या. आदल्या दिवसापर्यंत जेथे काही नव्हते, तेथे रातोरात गतिरोधक उगवला होता. त्यावर पांढरे पट्टे नव्हते, फलक नव्हता. रिक्षा उडाली, मागच्या बाकावर बसलेल्या बाई उडाल्या आणि आपटल्या. पाठीत कळ आली. घरच्यांनी दहा दिवस मलम चोळले. अकराव्या दिवशी काढलेल्या क्ष-किरण चित्रात कमरेचा पहिला मणका पुढच्या बाजूने दबलेला दिसला. ठिसूळ झालेल्या हाडांना पडण्याचीही गरज नसते, एवढा एक दणका पुरतो. पाठीचे मणके संपून कमरेचे सुरू होतात तो सांधा या बाबतीत विशेष नाजूक. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे वाहन त्यावर हळुवार चढून उतरते. आमच्या कोपऱ्यावरचा मी पावलाने मोजला. उंची घोट्याच्या वर आणि रुंदी जेमतेम एक पाऊल. याला गतिरोधक म्हणण्यापेक्षा बांध म्हणणे अधिक योग्य होईल. तो सुधारेपर्यंत ज्येष्ठांनी मोटारीत शक्यतो पुढच्या आसनावर बसावे, बसमध्ये मागच्या चाकांच्या पलीकडची आसने टाळावीत, आणि रिक्षावाल्याला निघतानाच “दादा, पाठीचं दुखणं आहे, हळू घ्या” असे सांगावे. असे सांगितल्यावर बहुतेक जण ऐकतात, असा माझा अनुभव आहे. दणक्यानंतर पाठीची कळ दोन-तीन दिवसांत ओसरली नाही तर मलमावर विसंबू नये.

तसेच रस्ता ओलांडण्याच्या सिग्नलचे. “हिरवा माणूस हल्ली लवकर पळतो,” असे एक आजोबा म्हणाले. पादचाऱ्यांचा वेळ ठरवताना चालण्याचा वेग साधारणतः सेकंदाला १.२ मीटर धरतात. त्या हिशेबाने १८ मीटर रुंदीचा रस्ता पंधरा सेकंदांत पार होतो. गुडघे दुखणाऱ्या, काठी घेतलेल्या माणसाचा वेग ०.८ मीटर असेल, तर त्याला साडेबावीस सेकंद लागतात. उरलेली साडेसात सेकंदे तो दुभाजकापाशी, हॉर्नच्या गजरात, देवाचे नाव घेत काढतो. आजोबांचे म्हणणे बरोबर होते. अशा वेळी चालू असलेल्या हिरव्या दिव्यामागे धावू नये. तो एकदा जाऊ द्यावा आणि पुढचा अगदी सुरुवातीपासून पकडावा.

आता ज्या गोष्टीसाठी आजचा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे वळतो.

मागच्या वर्षी जून महिन्यात एक काका दवाखान्यात आले. वय अठ्ठ्याहत्तर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. सोबत काकू होत्या. त्यांची ओळख पटू नये म्हणून मी एक-दोन तपशील बदलले आहेत. लिहिण्याची परवानगी काकांनी एका अटीवर दिली. ती अट पुढे येईल.

काकांना वाहन परवान्याचे नूतनीकरण करायचे होते. पंचावन्नच्या पुढे परवाना एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळतो आणि त्यासाठी डॉक्टरांच्या सहीचा ‘फॉर्म १-ए’ लागतो. त्यात आम्हाला विचारलेले असते की अर्जदाराला लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीच्या नंबराची पाटी वाचता येते का, रातांधळेपणा आहे का, ऐकू येते का. काकांनी दवाखान्याच्या दारातून, पाटीच्या सावलीतल्या स्कूटरचा नंबर खडखडीत आवाजात वाचून दाखवला आणि वर “नो पार्किंगमध्ये लावली आहे” अशी नोंदही केली. रंग ओळखले. ऐकण्याबाबत प्रश्नच नव्हता.

मग ते तक्रारींकडे वळले. पुण्यातल्या लोकांना गाडी चालवता येत नाही. पूर्वी चूक करणारे सगळीकडून येत, हल्ली सगळे डावीकडूनच येतात. दुचाकीवाले डाव्या बाजूने असे टपकतात की जणू आकाशातून पडले. गाडीचा डावा आरसा चार महिन्यांत तिसऱ्यांदा फुटला. सोसायटीतल्या कोणीतरी डाव्या दारावर ओरखडे काढले, पण कबूल कोणी करीत नाही. मी हसत होतो, माना डोलावत होतो. डावीकडून ओव्हरटेक करणाऱ्यांवर माझाही राग आहे, आणि समविचारी माणूस भेटल्याचा आनंद मोठा असतो. बोलता बोलता मी पेनचे टोपण काढले, फॉर्म पुढे ओढला.

काकू म्हणाल्या, “मी शेजारी बसलेली असते तेसुद्धा यांना दिसत नाही.” त्यावर काका म्हणाले, “पन्नास वर्षांची जुनी तक्रार आहे. डॉक्टर, ती लिहू नका.” आम्ही तिघेही हसलो.

सही करण्याआधी मी त्यांना वजन करायला सांगितले, केवळ सवयीने. काका उठले, वळले आणि वजनकाट्यावर पाय ठेवण्याऐवजी त्याला अडखळून जवळजवळ पडले. भिंतीला हात टेकून सावरत ते माझ्यावर कडाडले, “अहो, वजनकाटा असा वाटेत ठेवतात का?” तो काटा गेली वीस वर्षे त्याच जागी आहे. काका त्यावर निदान शंभर वेळा चढले असतील. तो त्यांच्या डाव्या हाताला होता.

मी पेनचे टोपण पुन्हा लावले.

तपासणी साधी असते, तिला कोणतेही यंत्र लागत नाही. मी काकांसमोर हातभर अंतरावर बसलो, त्यांना फक्त माझ्या नाकाकडे पाहायला सांगितले आणि दोन्ही बाजूंना हात पसरून बोटे हलवली. उजवीकडची बोटे त्यांना तत्काळ दिसली. डावीकडची दिसली नाहीत. मी हात आत आणत गेलो. माझ्या नाकाच्या रेषेपर्यंत आला तेव्हा ते म्हणाले, “आता हललं.” एकेक डोळा झाकून पाहिले. दोन्ही डोळ्यांत तेच. मग मी विचारले, “वर्तमानपत्र वाचताना काही त्रास?” काका म्हणाले, “छपाई बिघडली आहे हो. ओळ संपली की पुढची ओळ कुठे सुरू होते तेच सापडत नाही. आणि त्या चष्मेवाल्याने नंबरही चुकीचा दिला आहे.”

डोळे निर्दोष होते. आपल्या मेंदूची रचना अशी आहे की दोन्ही डोळ्यांनी पाहिलेल्या जगाचा डावा अर्धा भाग मेंदूच्या उजव्या बाजूला, अगदी मागे, उमटतो. तेथला रक्तपुरवठा तुटला तर जगाची डावी बाजूच नाहीशी होते. आणि त्यातली भयंकर गोष्ट ही की तेथे काळोख दिसत नाही. तेथे काहीच दिसत नाही, आणि काही दिसत नाही हेही कळत नाही. आपल्या पाठीमागे काळोख आहे असे आपल्याला कधी वाटते का? तसेच. म्हणून दुचाकीस्वार आकाशातून पडतात आणि वजनकाटे वाटेत येतात. अशा माणसाला २५ मीटरवरची पाटी वाचता येते, कारण सरळ समोरची नजर शाबूत असते.

नाडी पाहिली. ती अनियमित लागत होती. हृदयाच्या आलेखात वरच्या कप्प्यांची लय बिघडलेली दिसली. अशा वेळी हृदयात रक्ताची गुठळी बनून ती मेंदूकडे जाऊ शकते. पुढच्या दोन दिवसांत दृष्टिक्षेत्राची तपासणी आणि मेंदूचा एम.आर.आय. झाला, आणि काही महिन्यांपूर्वी होऊन गेलेला पक्षाघाताचा झटका त्यात स्पष्ट दिसला. हात लुळा पडला नव्हता, तोंड वाकडे झाले नव्हते. झटका येऊन गेला होता आणि घरात त्याची नोंद ‘आरसा फुटला’ एवढीच झाली होती. रक्त पातळ करणारे औषध तज्ज्ञांच्या सल्ल्याने सुरू झाले. पुढचा झटका कदाचित अधिक मोठा असता.

वाचकहो, मी सही करीत होतो हे मला विसरता येत नाही. आमचे दोघांचे त्या दुचाकीस्वारांविषयी एकमत झाले होते आणि त्या एकमतापायी मी डॉक्टर असल्याचे विसरलो होतो. परवाना मिळाला असता, तर त्या आठवड्यात शाळा सुरू होत होत्या आणि काकांच्या सोसायटीला लागूनच एक प्राथमिक शाळा आहे. मुले रस्त्याच्या डाव्या कडेने चालतात.

घरातील सांभाळ करणाऱ्यांना एवढेच सांगतो की आई-वडिलांच्या गाडीवरचे ओरखडे कोणत्या बाजूला आहेत ते एकदा शांतपणे पाहा. नवे ओरखडे सतत एकाच बाजूला असतील, चालताना एकाच बाजूची दारे-खुर्च्या लागत असतील, ताटातली एका बाजूची भाजी तशीच उरत असेल, ओळखीच्या रस्त्यावर वळण चुकत असेल, तर भांडू नका, तपासणी करा. आणि दिसणे, बोलणे किंवा हातापायाची ताकद यांपैकी काहीही अचानक गेले, तर सकाळची वाट न पाहता, स्ट्रोकवर उपचार करणाऱ्या मोठ्या रुग्णालयात ताबडतोब न्यावे. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. घरगुती चर्चेत त्यांतले दोन तास सहज जातात.

काकांना सांगणे मात्र सर्वांत अवघड गेले. “काका, मला सही करता येणार नाही. तुम्ही आता गाडी चालवायची नाही,” असे मी म्हणालो, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे चूक माझी होती म्हणता?” मी म्हणालो, “चूक कोणाचीच नव्हती.” हे त्यांना पटले नाही. ज्याने आयुष्यभर धरणाच्या कालव्यांतले पाणी मिलिमीटरपर्यंत मोजले, त्याला ‘कोणाचीच चूक नाही’ हे उत्तर पटणे कठीणच. त्यानंतर दोन महिने त्यांनी माझ्याशी बोलणे टाकले. औषधाची चिठ्ठी घ्यायला काकू येत.

परदेशातल्या मुलाने फोनवरून “किल्ली काढून घ्या आणि गाडी विका” असा सल्ला दिला. असा सल्ला दुरून देणे सोपे असते. काकूंनी तसे केले नाही. त्यांनी काकांपुढे त्यांचीच हिशेबाची वही ठेवली आणि विचारले की या गाडीपायी वर्षाला किती खर्च होतो, जरा काढून द्या. काकांनी विमा, सर्व्हिसिंग, पेट्रोल, बॅटरी आणि तीन आरसे धरून बेरीज केली. वर्षाचे ६२,४०० रुपये, म्हणजे महिन्याला ५,२०० झाले. काकू म्हणाल्या, “एवढ्यात माझी गुरुवारची भजनं, दोघांचे दवाखाने आणि महिन्यातून एकदा सारसबाग, सगळं रिक्षाने होतं.” काकांनी बेरीज पुन्हा तपासली, ती बरोबर होती. तरीही गाडी ताबडतोब विकली नाही. दिवाळीपर्यंत ती आच्छादनाखाली उभी राहिली, आणि ‘न वापरलेली गाडी जागा अडवते’ अशी सोसायटीतल्या लोकांना एक नवी तक्रार मिळाली. मग लांबच्या कामांसाठी तासांवर येणारा एक ड्रायव्हर मिळाला, आणि गाडी राहिली ती राहिलीच.

आता काका पुढे, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला बसतात. म्हणजे ड्रायव्हर त्यांच्या उजवीकडे आला. उजवी बाजू त्यांना पूर्ण दिसते. त्या बिचाऱ्याची एकही चूक त्यांच्या नजरेतून सुटत नाही. पायी चालताना काकू त्यांच्या डाव्या बाजूने, दंडाला हात धरून चालतात. डावीकडचे काही आले की हलकेच दाबतात. वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला त्यांनी लाल पट्टी चिकटवलेला पुठ्ठा ठेवायला दिला आहे. लाल दिसेपर्यंत नजर मागे न्यायची, मग ओळ सापडते. छपाईविषयीची तक्रार त्यामुळे बंद झाली. दोन महिन्यांनी काका स्वतः दवाखान्यात आले, वजनकाट्याकडे मुद्दाम मान वळवून पाहिले आणि त्यावर चढले. आम्ही दोघांनीही त्या विषयावर काही बोलायचे टाळले. परवानगी मागितली तेव्हा त्यांची अट अशी होती की डावीकडून ओव्हरटेक करणे ही चूकच आहे, हे लेखात स्पष्ट छापून यावे. छापले.

राहता राहिला माझा अप्पर. काकांच्या प्रकरणानंतर आठवड्याभरातच एका रात्री कर्वे पुतळ्यापाशी मी नेहमीप्रमाणे गरजलो, “बघितलास त्याचा अप्पर?” शेजारून पत्नी म्हणाली, “अप्पर कुठे? डिपरच आहे.” मी म्हणालो, “मागच्याचा तरी?” ती म्हणाली, “त्याचाही.” पुढचे पाच महिने मी तेच केले, जे आपण करू नये असे मी आपणास सांगत असतो. म्हणजे काहीच केले नाही. अखेर माझ्या वर्गातली एक नेत्रतज्ज्ञ मैत्रीण आहे, तिच्याकडे गेलो. भिंगाच्या मागच्या पृष्ठभागावर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. या प्रकारात अंधाऱ्या खोलीतला तक्ता बऱ्यापैकी वाचता येतो, पण समोरून प्रकाश आला की तो भिंगात पसरतो आणि डोळे दिपतात. कडक उन्हातही त्रास होतो. मी त्याचे खापर दोन वर्षे पुणे शहरावर फोडत होतो. ती म्हणाली, “तू डॉक्टर आहेस ना रे?” या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही.

एक डोळा डिसेंबरमध्ये झाला, दुसरा जानेवारीत. पट्टी निघाल्यावर कळले की दवाखान्याची फिकट पिवळी भिंत मुळात पांढरी आहे, आणि पंख्याच्या पात्यांवर जमलेल्या धुळीबद्दल इतक्या रुग्णांपैकी एकानेही कधी तक्रार केली नव्हती. मैत्रिणीने परवानगी दिल्यावर फेब्रुवारीतल्या एका रात्री मी पुन्हा कर्वे रस्त्याला लागलो. समोरून येणारा प्रत्येक दिवा आता आपापल्या जागी होता, फुटलेला नव्हता, पसरलेला नव्हता. पहिली गाडी डिपरवर गेली, दुसरीही गेली. मला थोडी लाज वाटली. तिसरी मात्र खरोखरच अप्परवर आली आणि दोन वर्षांत प्रथमच मला तिचा नंबरही स्पष्ट वाचता आला.

दुसऱ्या दिवशी हे मी काकांना सांगितले. त्यांनी गंभीरपणे विचारले, “कोणत्या बाजूने आला?”

मी म्हणालो, “समोरून, उजवीकडून.”

“उजवीकडून?” काका म्हणाले. “मग डॉक्टर, चूक त्याचीच.”